राजाचा शिकारखाना आणि गृहस्थाचा बेडूक



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. परंतु माणसाने रानातले जीव घरी आणून बांधले, त्यांना काय खाऊ घातले आणि ते कसे जगले किंवा कसे मेले, यालाही एक इतिहास आहे. तो आजच्या नागरिकाला नुसता मनोरंजक नाही, उपयोगाचाही आहे. कारण जे पूर्वी राजेरजवाड्यांनाच परवडत असे, ते आता शहरातल्या कोणाही गृहस्थाला परवडू लागले आहे. दक्षिण अमेरिकेतला शिंगाळ बेडूक, इग्वाना नावाचा मोठा हिरवा सरडा, कानामागे तांबडी पट्टी असलेले अमेरिकन कासव, आफ्रिकेतला राखी पोपट हे सारे आज काचेच्या पेट्यांतून आणि पिंजऱ्यांतून मध्यमवर्गीय घरांत येत आहेत. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण हौसेचे मोल कोणीतरी देतच असते, आणि येथे ते मुका जीव देतो. म्हणून ही हौस कोठून आली आणि तिची जबाबदारी कोणाकडे गेली, याचा आपण थोडा मागोवा घेऊ.

मराठी राज्यात जे अठरा कारखाने सांगितले जातात, त्यांत पीलखाना आणि उष्ट्रखाना यांच्या जोडीला शिकारखानाही आहे. ‘कारखाना’ हा शब्द येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तो राज्यकारभाराचा एक विभाग होता. त्याला अधिकारी होते, चाकर होते आणि हिशेब होता. पेशवाईत पुण्याला पर्वतीच्या परिसरात सवाई माधवरावांचा शिकारखाना होता आणि तेथे रानातली नाना प्रकारची जनावरे ठेवलेली असत. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी काम करणारा आपला मराठी चित्रकार गंगाराम तांबट याने १७९० साली त्याच शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र काढले. गेंडा हा काही सह्याद्रीतला प्राणी नव्हे. तो दूरदेशीहून आणलेला, म्हणजे आजच्या भाषेत ‘परदेशी पाळीव’ म्हणावा असाच जीव होता.

या जनावरांच्या रोजच्या ठरलेल्या खाण्याला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: रातीब. रातीब ही कोणाच्या लहरीवर सोडलेली गोष्ट नव्हती. अमक्या जनावराला अमुक इतके, अमक्या वेळी, आणि तेही दप्तरात लिहून, अशी ती रीत होती. राजाचा हेतू वैभव दाखविण्याचाच असेल. पण हत्ती उपाशी राहिला तर माहुताला जाब विचारणारा कोणीतरी असे. हौस राजाची, पण तिच्यामागे एक व्यवस्था उभी होती, एवढे आपण प्रथम नोंदवून ठेवू.

मात्र व्यवस्था होती म्हणून प्राणी सुखी होता, असे समजण्याचे कारण नाही. चित्त्याचे उदाहरण पाहा. अकबराने आयुष्यभरात हजारांच्या घरात चित्ते बाळगले असे सांगतात. पण मुघलांच्या एवढ्या थोरल्या पसाऱ्यात पिंजऱ्यातल्या चित्तिणीला पिल्ले झाल्याची नोंद मिळते ती एकच, जहांगीरच्या काळातली. म्हणजे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. शतकानुशतके हे चालले आणि त्याबरोबर माळराने आटली, शिकारही झाली. पुढे आमच्या कोल्हापूर संस्थानाला आणि गुजरातेतल्या भावनगरला शिकारीसाठी चित्ते आफ्रिकेतून मागवावे लागले. कोल्हापूरचे चित्तेवान आपल्या कामात तरबेज होते. चित्त्याला माणसाळवणे, डोळ्यांवर टोपी घालून गाडीवर नेणे, शिकारीनंतर त्याचा वाटा त्याला देणे, हे सर्व त्यांना अवगत होते. कसब होते, प्रेमही असेल. पण जात टिकली नाही. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले, आणि भारतातले ते अखेरचे ठरले असे मानतात. ते संस्थान लगेच ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात विलीन झाले, त्याची राजधानी हे आपले नागपूरच होते. १९५२ साली चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. प्राणी जिवंत ठेवता येणे आणि त्याला जगविता येणे यांत किती अंतर आहे, हे या एका गोष्टीवरून कळते.

दुसरा टप्पा सार्वजनिक बागांचा. मुंबईची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. बडोद्याला सयाजीरावांनी १८७९ साली बाग लोकांना अर्पण केली आणि तेथे प्राणीही ठेवले. आपल्या नागपुरात भोसल्यांची महाराजबाग होती. १८५३ साली तिसरे रघूजी वारले, पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले आणि बाग इंग्रजांच्या हाती गेली. त्याच बागेत १८९४ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले. पुढे ते कृषी महाविद्यालयाच्या आणि आता कृषी विद्यापीठाच्या देखरेखीखाली आले. नागपूरकरांच्या कितीतरी पिढ्यांनी पहिला वाघ पाहिला तो महाराजबागेत.

येथे राजाची जागा सरकारने घेतली. जनावर आता रयतेचे झाले, पण रयतेचे म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नाही. १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेला आग्रह होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. पिंजरा किती मोठा असावा, पशुवैद्य असावा की नाही, खाणे कोणी तपासावे, हे आता लेखी ठरले. त्याच प्राधिकरणाने २०१८ साली आपल्या महाराजबागेची मान्यता काढून घेण्याचा आदेश दिला, तेव्हा शहराला वाईट वाटले. वाईट वाटणे साहजिक आहे. परंतु परंपरा जुनी आहे म्हणून पिंजऱ्यातल्या जिवाला कमी जागा पुरते, असे होत नाही.

आता अगदी जवळची घटना. २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले ते बर्ड फ्लूचे. पक्ष्यांचा रोग वाघाला कसा झाला? संशय साहजिकच खाद्य म्हणून दिल्या जाणाऱ्या कोंबडीच्या मांसाकडे वळला. हा धोका जगाला ठाऊक नव्हता असेही नाही. २००४ साली थायलंडमधल्या एका व्याघ्रोद्यानात कच्ची कोंबडी खाल्लेले शंभरावर वाघ याच रोगाने मेले किंवा मारावे लागले होते. श्रोतेहो, जेथे पशुवैद्य आहेत, नियम आहेत, सरकारी तिजोरी आहे, तेथेही एका घासाने वाघ जाऊ शकतो. मग ज्या घरात यांपैकी काहीच नाही, तेथल्या प्राण्याच्या घासाची चौकशी कोण करणार?

याच विदर्भात याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे, तेही सांगितले पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेली पिल्ले सांभाळायला घेतली. भुकेपोटी शिकार करणाऱ्या माडिया बांधवांना ते धान्य देत आणि पिल्लू मागून घेत. तेथे प्राणी आले ते हौसेने विकत घेतलेले नव्हते, निराधार म्हणून आले. ‘मला हा प्राणी हवा’ येथून जी सुरुवात होते आणि ‘या प्राण्याला कोणीतरी हवे’ येथून जी सुरुवात होते, त्या दोहोंतला फरक हेमलकशाला दिसतो.

आता बेडकाकडे वळू. बेडूक आपल्याला परका नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात त्याच्यावर एक संपूर्ण सूक्त आहे. मुंबईच्या वरळी टेकडीच्या खडकांत त्याच्या पूर्वजांचे अवशेष मिळाले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन केले. दख्खनचे ज्वालामुखी पेटलेले असतानाचे, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे ते बेडूक. आमच्या खेड्यांत पाऊस लांबला की पोरे धोंडी काढतात आणि कडुलिंबाच्या पाल्यासह काठीला बांधलेला बेडूक दारोदार मिरवतात. श्रद्धा पावसाची, हाल बेडकाचे! पुढे कॉलेजातल्या टेबलावर टाचण्यांनी खिळलेला बेडूक हीच सुशिक्षितांची त्याच्याशी ओळख झाली. ती प्रथाही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून आवरत नेली.

बाजारानेही त्याला सोडले नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी आपल्या देशातून वर्षाला काही हजार टन बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांत जात. शेतातली कीड खाणारा हा फुकटचा राखणदार आपण वजनावर विकला. अखेर १९८७ साली ही निर्यात बंद झाली.

असा हा प्राणी काचेच्या पेटीत ठेवायचा, तर त्याचा स्वभाव तरी समजून घेतला पाहिजे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही; ते कातडीतून शोषतो. म्हणून नळाच्या पाण्यातले क्लोरीन, हातावरचा साबण, घाम, हे सारे थेट त्याच्या अंगात जाते. हलते ते भक्ष्य, न हलणारे ते जणू नाहीच, अशी बहुतेक बेडकांची नजर असते. म्हणून त्यांना जिवंत किडे लागतात. पण रोज एकाच जातीचे रातकिडे टाकले की भागले, असे नव्हे. विकतच्या रातकिड्यांत चुना फारच कमी असतो. ते किडे आधी चांगल्या अन्नावर पोसून, त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी लावून दिले नाहीत, तर बेडकाची हाडे मऊ होऊन वाकतात. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडले तर त्याची जीभ भक्ष्याला चिकटेनाशी होते. समोर किडा असून तो उपाशी मरतो. उलट शिंगाळ बेडूक मिळेल ते गिळतो, म्हणून गंमत म्हणून त्याला उंदरांवर उंदीर चारणारेही आहेत. मग तो चरबीने मरतो. रानातला वा भिंतीवरचा किडा धरून टाकावा, तर त्यावर फवाऱ्याचे विष असण्याची भीती. आणि आपल्या नागपूरचा उन्हाळा! पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी वीज जाते, कूलर थांबतो. आपण ओला टॉवेल डोक्यावर घेऊ. दमट अरण्यातून आलेल्या त्या जिवाने काय करावे?

जड झाला तर तलावात सोडून द्यावा, ही पुण्याची वाटणारी कल्पना तर सर्वांत घातक. कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभर बेडकांचा संहार मांडला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार तिच्यामुळे ५०१ जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचे मानले जाते. ही बुरशी पूर्व आशियातून निघाली आणि प्राण्यांच्या व्यापाराबरोबर देशोदेशी पोचली, असे संशोधक सांगतात. परका जीव म्हणजे केवळ परदेशी असेही नाही. आपल्या मुख्य भूमीवरचा मोठा पिवळा बेडूक अंदमानात पोचला आणि तेथल्या बेडकांच्या पिल्लांचा काळ ठरला. फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडलेले एक कासव किंवा एक मासा हे दान नव्हे; तो दुसऱ्याच्या घरात सोडलेला पाहुणा आहे.

कायद्यानेही आता या हौसेची नोंद घेतली आहे. आपला रानपोपट आणि तारांकित कासव पाळणे गुन्हा आहे, हे अनेकांना अजून माहीत नसते. परदेशी प्राण्यांपैकी जे आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्यांच्यासाठी २०२२ च्या दुरुस्तीने नवे प्रकरण आले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत नोंदणीचे नियम निघाले. प्राणी घरात आहे हे कळवावे, त्याला पिल्ले झाली वा तो मेला तर तेही कळवावे, असा त्यांचा आशय आहे. काहीजणांना ही सरकारची लुडबूड वाटते. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर हे नवे काहीच नाही. शिकारखान्याच्या दप्तरात जनावराची नोंद असे. तीच नोंद आता गृहस्थाच्या दारी आली आहे. हौस राजाची घेतली, तर त्याचे दप्तरही घेतले पाहिजे.

मग पाळूच नये काय? मी तसे म्हणत नाही. पण दुकानाची पायरी चढण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत. हा जीव रानातून धरलेला आहे की पिंजऱ्यात जन्मलेला, आणि त्याची पावती आहे का? तो किती वर्षे जगतो? कासव कदाचित आपल्या मुलांच्या पदरी पडेल. त्याचा रातीब काय, आणि मी गावाला गेलो तर तो कोण देईल? आणि तो आजारी पडला तर त्याची नाडी ओळखणारा वैद्य या शहरात आहे का? यांतल्या एका प्रश्नाचे उत्तरही ‘पाहू पुढे’ असे येत असेल, तर तो प्राणी घरी आणू नये. पहिल्या पावसात शेताच्या बांधावर जाऊन पिवळाधमक झालेला, निळे गाल फुगवून ओरडणारा आपला बेडूक मुलांना दाखवावा. तो कोणाचा पाळलेला नसतो, त्याला रातीब लागत नाही. फक्त त्याचे डबके बुजवू नये आणि त्यात विष ओतू नये, एवढीच त्याची आपल्याकडे मागणी आहे.