ॲमस्टरडॅमचे हिरे-कामगार

कोकणात आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. ॲमस्टरडॅमच्या हिरे-कारखान्यांतही यहुदी कामगार शनिवार पाळीत आणि ख्रिस्ती कामगार रविवार. भेद एवढाच असता तर त्यावर लिहिण्याचे आम्हांस कारण नव्हते. पण या दुराव्याने दोघांचीही मजुरी खाल्ली.

जुन्या हॉलंडमध्ये बहुतेक कारागीर-संघांची दारे यहुद्यांना बंद होती. हिऱ्याच्या धंद्यात असा संघ नव्हता, म्हणून आपले धर्मबंधू त्यात शिरले. १८७० नंतर दक्षिण आफ्रिकेतून हिऱ्यांचा ओघ सुरू झाला. काही वर्षे मजुरी अतोनात चढली. मग कामगारांची गर्दी होऊन ती कोसळली. हिरा फोडणारे, घासणारे आणि पैलू पाडणारे यांच्या संघटना निरनिराळ्या. त्यातही यहुदी वेगळे, ख्रिस्ती वेगळे. एकाविरुद्ध दुसऱ्यास उभे करणे मालकांस सोपे होते.

नोव्हेंबर १८९४ च्या संपात मात्र दोघे एकत्र उतरले आणि त्यातूनच सर्व हिरे-कामगारांचा एक संघ जन्मास आला. त्याचे धुरीण हेन्री पोलाक यहुदी, तर यान व्हान झुटफेन ख्रिस्ती. संघाने भक्कम वर्गणी घेऊन संपनिधी उभारला, मजुरीचे दर बांधून घेतले आणि १९११ साली आठ तासांचा दिवस मिळविला. सरकारी कायद्याने तो सर्व कामगारांस १९१९ मध्ये दिला! झुटफेन यांनी तर हिरा धरण्याच्या झिजलेल्या तांब्याच्या दांड्या गोळा करून विकल्या. त्या निधीतून क्षयरोग्यांसाठी हिल्व्हरसम येथे १९२८ साली आरोग्यधाम उघडले.

मुंबईच्या गिरण्यांत असे घडले नाही. जास्त मजुरीचे विणखाते अस्पृश्य कामगारांस बंद होते आणि १९२८ च्या संपकाळात डॉ. आंबेडकरांस तो प्रश्न संपनेत्यांपुढेच मांडावा लागला.

तथापि ॲमस्टरडॅमच्या संघानेही एक भिंत बांधली होती. नव्या उमेदवारांवर त्याने मर्यादा घातली. आतल्यांचे दर टिकले, बाहेरच्या गरीब पोरांना दार लागले. सीमेपलीकडे बेल्जियममध्ये मजुरी स्वस्त असल्याने पहिल्या महायुद्धानंतर धंदा हळूहळू अँटवर्पकडे सरकला. उरलेल्या यहुदी कारागिरांपैकी बहुतेकांचा नाझींनी छावण्यांत बळी घेतला. वास्तुकार बेर्लाखे यांनी १९०० साली बांधलेली संघाची इमारत आजही उभी आहे आणि त्या रस्त्यास पोलाक यांचे नाव आहे.