चेसी एकाची, बॉडी दुसऱ्याची

युद्धापूर्वीच्या ब्रिटिश आलिशान गाड्यांवर बोलायचं तर सुरुवात लंडनपासून करायची रीत आहे. आपण पिंपरीपासून करू. ज्यांनी टेल्कोच्या दिवसांतला जुना पुणे-मुंबई रस्ता पाहिलाय, त्यांना ट्रकच्या नुसत्या पळणाऱ्या चेसी आठवत असतील. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, पुढे थोडासा पत्रा आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून उघड्यावर बसलेला ड्रायव्हर. केबिन आणि हौदा नंतर बांधायचा, दुसऱ्याच कुणाच्या तरी कारखान्यात, मालकाच्या पसंतीने. त्या ट्रकच्या जागी आता रोल्स रॉइस किंवा बेंटली ठेवून बघा. व्यवहार जवळपास तोच होता.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स रॉइस कंपनी चेसी विकायची, बॉडी नाही. गिऱ्हाईक ती चेसी कोचबिल्डरकडे पाठवायचं. हूपर, बार्कर, एच. जे. मलिनर, गर्नी नटिंग ही त्यातली गाजलेली नावं. काही घराणी तर मुळात घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी. अ‍ॅशच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकून वळवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, किंवा पत्र्याऐवजी ताणून बसवलेलं कापड. कारखान्यातूनच तयार, साच्यात दाबलेल्या पोलादी बॉडीसकट बाहेर पडलेली त्या कंपनीची पहिली गाडी म्हणजे 1946 ची बेंटली मार्क सिक्स.

या धंद्याचा आपल्याशी संबंध काय? आहे. नीरेकाठच्या होळ गावातून निघालेल्या होळकरांचे वंशज, इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर, यांनी 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्गची एसजे चेसी घेतली आणि बॉडी मात्र लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली. रंग केशरी आणि काळा. चेसी अमेरिकेची, कारागिरी लंडनची, मालक इंदूरचा. ही गाडी कुठल्या देशाची म्हणायची? आम्हाला हा प्रश्न गंमतीचा वाटत नाही, कारण गाडी पुन्हा उभी करताना पहिला वाद इथेच होतो.

हा वाद किती खोल जातो ते गर्नी नटिंगच्याच एका कूपेवरून कळतं. 13 मार्च 1930 च्या संध्याकाळी बेंटली कंपनीचा अध्यक्ष वूल्फ बार्नाटो कान शहरातून आपल्या स्पीड सिक्समधून निघाला. पैज अशी, की ब्लू ट्रेन फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर कॅलेला पोचायच्या आत आपण लंडनमध्ये असू. दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या क्लबच्या दारात उभा होता. गाडी कॅलेला लागायला अजून 4 मिनिटं होती. पुढे कित्येक वर्षं जग समजत राहिलं, की ही शर्यत गर्नी नटिंगच्या देखण्या, बुटक्या छपराच्या कूपेने जिंकली. छप्पर मागे इतकं उतरतं, की मागच्या बाजूला एकच माणूस बसतो, तोही आडवा. टेरेन्स क्युनिओ या चित्रकाराने रेल्वेबरोबर धावताना रंगवली तीही हीच. पण तारखा जुळत नाहीत. कूपे पूर्ण होऊन बार्नाटोच्या हाती आली ती शर्यतीनंतर, मे महिन्यात. शर्यतीत धावली होती मलिनरने बांधलेली, दिसायला साधी सलून. चेसीचे आणि बॉडीचे कागद शेजारी ठेवल्यावर चित्र फिरलं. कूपे आजही तितकीच सुंदर आहे, फक्त ती त्या रात्री तिथे नव्हती.

बरं, बॉडी बदलणं हा तेव्हा गुन्हाही नव्हता. बंद सलून जुनी दिसायला लागली की ती उतरवून त्याच चेसीवर उघडी बॉडी चढवत. जुन्या बेंटलींच्या बाबतीत तर हे सर्रास झालं.

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारने 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, आणि अट अशी की चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. हेतू चांगला आहे. जीप कापून ‘विंटेज’ बनवणाऱ्यांना आळा बसायलाच हवा. पण 1938 साली मालकाने स्वतःच दुसरी बॉडी चढवून घेतली असेल तर? तो बदल की इतिहास? आमच्या मते इतिहास, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी गाडी दुरुस्त करणाऱ्यावर.

जाता जाता एक गोष्ट. 1922 मध्ये ब्लॅकपूलला मोटारसायकलच्या साइडकार बांधणारं एक छोटं दुकान निघालं, स्वॅलो. 1927 पासून ते ऑस्टिन सेव्हनवर बॉडी चढवू लागलं. 1931 मध्ये त्यांनी स्टँडर्ड कंपनीची चेसी घेऊन लांब बॉनेटची एसएस वन कूपे 310 पौंडांत बाजारात आणली. महागड्या कोचबिल्टचा थाट, पण किंमत आवाक्यातली. तेच दुकान पुढे जग्वार झालं, 2008 मध्ये टाटांकडे आलं, आणि 2011 पासून जग्वार लँड रोव्हरच्या गाड्यांची जुळणी इथे पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात सुरू झाली. बॉडी बांधणारा स्वतःच कारखानदार झाला म्हणून टिकला. गर्नी नटिंग मात्र युद्धानंतर काही वर्षांतच संपलं.

म्हणून जुनी गाडी उघडताना आमची विनंती एवढीच असते. चेसी नंबर सगळेच टिपतात. कोचबिल्डरचा बॉडी नंबर पुष्कळदा आतल्या लाकडावर किंवा पत्र्याच्या पाठीवर ठोकलेला असतो. फोटो काढा, घासून पुसून वाचा, मगच ते लाकूड बदला. गॅरेजात सर्वांत आधी कचऱ्यात जाण्याची भीती त्याचीच, कारण वरून पाहिलं तर ते वाळवीने खाल्लेलं एक फळकुट असतं.