पाण्यातील घनपदार्थांचे मोजमाप
निलंबित घनपदार्थ म्हणजे पाण्यात न विरघळलेले घनपदार्थ. त्यांचे प्रमाण काढताना सांडपाण्याचा नमुना नीट ढवळून, आधी तोललेल्या काचतंतूंच्या गाळणकागदातून गाळतात. कागद १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला सुकवून, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा तोलतात; वजन स्थिरावेपर्यंत हे चालते. वाढलेल्या वजनावरून लिटरमागे मिलिग्रॅम ठरतात. हाच कागद भट्टीत ५५० अंशांवर तापवला की सेंद्रिय भाग जळून जातो, खनिज भाग उरतो. गाळून आलेले पाणी नितळ दिसले, तरी त्यात क्षार विरघळलेले असतात. ते १८० अंशांवर सुकवून वेगळे मोजतात. हा भेद वाचकाने जरूर ध्यानात ठेवावा : तुरटीने गढूळपणा खाली बसतो, खारटपणा जात नाही. — संपादक