हिमोफिलिया : शस्त्रक्रियेपूर्वी ‘इनहिबिटर’ तपासणे अत्यावश्यक

हिमोफिलिया हा रक्त साकळण्याच्या प्रक्रियेतील आनुवंशिक दोष होय. ‘अ’ प्रकारात आठव्या, तर ‘ब’ प्रकारात नवव्या घटकाची (फॅक्टर) उणीव असते. हा घटक टोचून शस्त्रक्रिया करता येते. मात्र काहींचे शरीर या घटकालाच परके मानून त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. हेच ‘इनहिबिटर’. तीव्र ‘अ’ प्रकारातील सुमारे २५ ते ३० टक्के रुग्णांत ती आढळतात. मग नेहमीच्या मात्रेचा उपयोग होत नाही आणि बाहेरून तसे काही दिसतही नाही. त्यामुळे गेल्या वर्षीच्या अहवालावर विसंबणे धोक्याचे! साधा दात काढायचा असला, तरी तपासणी नव्याने व्हायला हवी.

इनहिबिटरचे प्रमाण ‘बेथेस्डा’ एककात मोजतात. ते ५ पेक्षा कमी असल्यास घटकाची मोठी मात्रा बहुधा पुरते. पूर्वी ते जास्त होते व आता उतरले आहे, असा रुग्ण मात्र फसवा. घटक टोचताच शरीराची जुनी स्मृती जागी होते आणि साधारण आठवडाभरात प्रतिपिंडे पुन्हा उसळतात. नेमकी जखम भरत असताना. म्हणून आजच्या आकड्याइतकेच जुने अहवालही महत्त्वाचे.

प्रमाण जास्त असल्यास आठव्या-नवव्या घटकाला वळसा घालणारी औषधे वापरतात. सक्रिय सातवा घटक सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी द्यावा लागतो, तर सक्रिय प्रोथ्रॉम्बिन संयुग सहा ते बारा तासांनी. दोन्ही महाग आहेत. त्यांचा परिणाम अचूक मोजणारी चाचणी नसल्याने जखमेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. औषधाचा साठा पुढील अनेक दिवसांचा हाताशी असल्याशिवाय तारीख ठरवू नये. एमिसिझुमॅब घेणाऱ्यांनी ते आधीच सांगावे. त्याच्यासोबत हे संयुग मोठ्या मात्रेत दिल्यास रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. शिवाय त्यामुळे नेहमीच्या साकळण चाचण्या फसव्या येतात.

कर्जत तालुक्यातील कोंडाण्यासारख्या गावातील रुग्णाने अशी नियोजित शस्त्रक्रिया जवळच्या छोट्या रुग्णालयात उरकण्याचा मोह टाळावा. परळचे केईएम रुग्णालय आणि त्याच्याच आवारातील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ ही संस्था कर्जत लोकलच्या टप्प्यात आहे. जुनी कागदपत्रे सोबत न्यावीत. अ‍ॅस्पिरिन व स्नायूत टोचायची इंजेक्शने वर्ज्य. टाके निघेपर्यंत मुक्काम शक्यतो मुंबईतच ठेवावा. रात्री रक्तस्राव सुरू झाल्यास कोंडाण्याहून परळ फार लांब पडते.