सूत, सुतार आणि सूत्र

धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागातला गवंडी दगडाचा थर रचण्याआधी दोन टोकांना दोरी ताणतो. दगड दोरीबाहेर आला तर दगड काढून पुन्हा बसवायचा. दोरीला हात लावायचा नाही. ‘सुतासारखा सरळ’ म्हणताना आपल्या मनात असते ते हेच ताणलेले सूत. सूत म्हणजे संस्कृत ‘सूत्र’, शिवणे या अर्थाच्या ‘सिव्’ धातूपासून आलेले. सूत्र धरणारा तो सूत्रधार, आणि तोच शब्द झिजून ‘सुतार’ झाला. नाटकातला सूत्रधार त्याचा सख्खा भाऊ. ‘सूतोवाच’ला मात्र या घराण्यात घेऊ नये, तिथला सूत पुराणे सांगणारा आहे, दोऱ्याशी त्याचा संबंध नाही.

याच दोऱ्याला पुढे नियमाचा अर्थ आला. पण पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे गवंड्याच्या दोरीसारखी वागत नाहीत. लोक बोलत होतेच. त्या बोलण्यात कोणते नियम वावरतात हे त्याने शोधले. वेगळे रूप आढळले की त्यासाठी विशेष सूत्र, आणि सामान्यापेक्षा विशेष बलवान. ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७२च्या ‘ह्यूमन प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ या ग्रंथात मनाचा शोध याच वाटेने घेतला. माणसाला कोडे द्यायचे, सोडवता सोडवता मोठ्याने बोलायला सांगायचे, आणि ‘अमुक दिसले तर तमुक कर’ अशा नियमांवर चालणारा संगणक त्याच पावलांनी जातो का ते पाहायचे. माणूस अडखळतो तिथे नियमांनीही अडखळायला हवे. तसे झाले नाही, तर दुरुस्ती नियमांची.

गवंड्यासारखी दोरी ताणणारा अभियंता आणि असा मनोवैज्ञानिक दोघेही आपल्या पद्धतीला ‘नियमाधारित’ म्हणतात. एकाच्या नियमापुढे वस्तू झुकते, दुसऱ्याचा नियम वस्तूपुढे झुकतो. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. तरी अभियंत्याचे सूतही कायमचे नसते, आणि हे धाराशिव जिल्ह्याने आणि शेजारच्या लातूरने भोगले आहे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सास्तूरसारख्या गावांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. भिंती ओळंब्यात होत्या की नाही, हा प्रश्नच नव्हता. भिंतीच्या दोन्ही अंगांना पकडणारे आरपार दगड नव्हते, घराला चहूबाजूंनी बांधणारी पट्टी नव्हती. आणि भूकंपाच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२च्या सुधारित भारतीय मानकाने पहिले क्षेत्रच रद्द केले आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात घातला. इथे जमिनीने सूत हलवले.

या पट्ट्यात आज जो कोणी दगड-विटांचे घर बांधतो आहे, त्याने गवंड्याला दोरीबरोबर जोत्याच्या, दारांच्या माथ्यावरच्या आणि छताखालच्या पट्टीबद्दलही जरूर विचारावे.