पळस्प्याचा फांटा आणि पनवेलची खाडी

पनवेलच्या आग्नेयेस थोड्या अंतरावर पळस्पें हें लहानसें गांव आहे. मुंबईहून आलेला जुना हमरस्ता येथें दुभंगतो. एक वाट खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्यास जाते. दुसरी कर्नाळ्याच्या पायथ्याशीं वळसा घेऊन पेण, महाड करीत गोव्याकडे वळते. वाटसरूच्या दृष्टीनें हा केवळ रस्त्याचा फांटा. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र पुण्याच्या वाटेचा आरंभ येथें नाहीं, जमिनीवरहि नाहीं. तो पनवेलच्या खाडींत आहे. आगगाडी येण्यापूर्वीं मुंबईच्या बेटावरून देशावर निघालेल्या मनुष्याचा पहिला टप्पा बहुधा चाकावर नव्हे, शिडावर पार पडत असे.

पनवेल उघड्या समुद्रावर वसलेलें नाहीं. गाढी नदी जेथें खाडीस मिळते, तेथें हें गांव. ती खाडी पश्चिमेकडे ठाण्याच्या खाडीस मिळते आणि पलीकडे मुंबई. या जलमार्गावर मचवे व पडाव यांची ये-जा चाले. पण त्यांचें वेळापत्रक घड्याळावर नसून चंद्रावर असे. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरां येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत पाणी भरपूर चढतें. अष्टमीच्या भांगास तें बेताचें राहतें, आणि जड भरलेल्या पडावास चिखलांत रुतण्याचें भय असतें. वाऱ्याचीहि साथ पाहावी लागे. पहांटेची मतलई जमिनीकडून वाहून गलबतास मुंबईच्या दिशेनें नेई. दुपारचा खारा वारा त्यास परत खाडींत आणी. ओहोटी आणि मतलई एकत्र साधली तर तांडेल सुखी. दोन्ही चुकल्या तर प्रवाशांनीं नांगरलेल्या मचव्यांतच रात्र काढावी.

अशा वाटेवर नजर ठेवण्यास गड हवाच. दक्षिणेस सुमारें १,५०० फूट उंचीच्या डोंगरावर कर्नाळा उभा आहे. त्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरून ओळखूं येतो. इंग्रजांनीं त्यास ‘फनेल हिल’ असें नांव दिलें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत शिवाजीमहाराजांनीं मोंगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत हा होता. १६७० सालीं तो स्वराज्यांत परत आला, आणि १८१८ सालीं इंग्रजांच्या हातीं गेला.

राज्य बदललें, पण वाट तीच राहिली. उलट तिची थोरवी वाढली. पूर्वीं घाटांतून माल बैलांच्या पाठीवरून जाई. १८०४ च्या सुमारास जनरल वेलस्लीनें तोफा जाऊं शकतील असा रस्ता करविला, आणि १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाट गाड्यांस खुला झाला. तेव्हांपासून पनवेलच्या धक्क्यावर शीड उतरे आणि चाक चालूं लागे. श्रोत्यांस नवल वाटेल, परंतु या बंदराचा नांवाजलेला धंदा गाड्यांचीं चाकें करण्याचा होता! घाट उतरून आलेला गाडीवान हें त्याचें आयतें गिऱ्हाईक. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली, ती याच काळांत.

अकरा वर्षांनीं चित्र पालटलें. १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढून गेली. तिचा मार्ग कल्याण-कर्जतवरून होता, पनवेलवरून नव्हता. जो प्रवास भरतीची वाट पाहत आणि मुक्काम करीत होई, तो आतां तिकिटावर होऊं लागला. पनवेलवर कोणी तोफ डागली नाहीं, धक्क्यास कोणी आग लावली नाहीं. देशावरचा व्यापार दुसऱ्या वाटेनें निघून गेला, इतकेंच. पनवेलला लोहमार्ग पोहोंचला तो १९६० नंतर.

तरी समुद्राचा आणि घाटाचा जुना संबंध तुटला नाहीं. १९८९ सालीं जवळच न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें, आणि तेथून निघालेला महामार्ग पळस्प्यासच येऊन मिळाला. माल पूर्वींप्रमाणेंच पाण्यावरून येतो व घाट चढतो. मधली खाडी तेवढी वगळली गेली. पनवेलचें जुनें बंदर समजून घेऊं इच्छिणाऱ्यानें उधाणाच्या दिवशीं खाडीकांठीं जावें. पाणी अजून वेळेवर चढतें. तें ज्यांच्यासाठीं चढे, तीं मालाचीं शिडें मात्र आतां नाहींत.