‘ट्रेझर आयलंड’चे मध्यस्थ

ग्रंथ लिहिणें हें एक काम आणि लिहिलेल्या ग्रंथाला छापणारा मिळविणें हें दुसरें. पहिल्या कामांत निष्णात असलेले पुष्कळ ग्रंथकार दुसऱ्या कामांत अगदीं पंगु असतात. त्यांतून तो ग्रंथ म्हणजे कुमारांसाठीं लिहिलेली गतकाळाची कादंबरी असली, तर अडचण दुणावते. प्रौढांच्या प्रकाशकाला ती पोरकट वाटते आणि मुलांच्या पत्राचा चालक जुन्या काळाचा पसारा पाहून कपाळाला आठ्या घालतो. आपल्याकडे हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र काढलें, आणि त्यांची ‘उषःकाल’ त्याच पत्रांतून क्रमशः वाचकांपुढें आली. लेखक आणि संपादक एकच असल्यावर मध्यस्थ हवा कशाला? इंग्रजी कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याच्या हातीं असें पत्र नव्हतें.

इतिहासाची ओढ त्याला लहानपणापासून होती. १८६६ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यानें स्कॉटलंडमधील १६६६ च्या पेंटलंड बंडावर लेखन केलें. आरंभीं त्यानें त्याला गोष्टीचें रूप दिलें होतें. तें वडिलांना रुचलें नाहीं. तेव्हां गोष्ट गळाली, निव्वळ इतिहास उरला, आणि ती पुस्तिका वडिलांच्याच खर्चानें छापली गेली. वडील टॉमस स्टीव्हन्सन हे दीपस्तंभ बांधणारे नामांकित एंजिनियर. मुलाच्या कल्पनेला लगाम घालणारे हेच गृहस्थ पुढें पंधरा वर्षांनीं त्याच्या चांचेगिरीच्या कथेंत हौसेनें भागीदार व्हावे, ही मोठी मौजेची गोष्ट होय.

१८८१ च्या उन्हाळ्यांत सर्व कुटुंब स्कॉटलंडांतील ब्रेमार येथें राहिलें होतें. हवा थंड, पाऊस सारखा चाललेला, आणि स्टीव्हन्सनची छाती दुबळी. त्याचा सावत्र मुलगा लॉइड तेरा वर्षांचा होता. त्याच्या करमणुकीच्या ओघांत एका बेटाचा रंगीत नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशांतून अठराव्या शतकांतील खलाशी, चांचे व पुरलेलें धन यांची कथा उगवली. रोज एक प्रकरण लिहावें आणि तें घरच्या मंडळींना वाचून दाखवावें, असा क्रम सुरू झाला. बिली बोन्स याच्या पेटींत काय काय निघालें याची यादी वडिलांनीं करून दिली; फ्लिंटच्या जहाजाचें ‘वॉलरस’ हें नांवही त्यांचेंच.

अशा वेळीं डॉक्टर अलेक्झांडर जॅप नांवाचे विद्वान् गृहस्थ पाहुणे म्हणून आले. ते आले होते थोरो या अमेरिकन लेखकाविषयीं चर्चा करण्यासाठीं. परंतु त्यांच्यासमोर कथेचें वाचन झालें, आणि परत जातांना त्यांच्या पेटींत थोरोऐवजीं चांचे होते! ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकाचे चालक जेम्स हेंडरसन यांच्या हातीं त्यांनीं तें हस्तलिखित दिलें. ‘सी कुक’ हें मूळचें नांव हेंडरसन यांनीं बदललें आणि ‘ट्रेझर आयलंड’ हें नांव ठेवलें. त्या बदलाबद्दल वाचकांनीं त्यांचे उपकारच मानले पाहिजेत.

पंधरा प्रकरणें झालीं आणि लेखणी अडली. पुढचा भाग दाव्होस येथील हिवाळ्यांत पुरा झाला. १ ऑक्टोबर १८८१ पासून २८ जानेवारी १८८२ पर्यंत कथा ‘कॅप्टन जॉर्ज नॉर्थ’ या टोपणनांवानें छापून आली, आणि तिच्याकडे कोणीं ढुंकूनही पाहिलें नाहीं. पत्राच्या आंतल्या पानांत ती दडून राहिली. मुलांनीं तिच्यासाठीं एक प्रतही अधिक घेतली नाहीं.

येथें दुसरा मध्यस्थ पुढें येतो, आणि तो पहिल्याहून फार वेगळा आहे. विल्यम अर्नेस्ट हेन्ले हा कवि. क्षयानें त्याचा एक पाय गुडघ्याखालीं कापावा लागला होता. १८७५ सालीं एडिंबरोच्या रुग्णालयांत तो खाटेवर पडून असतां स्टीव्हन्सनशीं त्याची गांठ पडली. धिप्पाड देह, तांबूस दाढी, गडगडाटी हास्य आणि कुबडी! पुढें तो कॅसेल कंपनीच्या ‘मॅगझिन ऑफ आर्ट’चा संपादक झाला. मोबदल्याची अपेक्षा न ठेवतां तो मित्राचें लेखन घेऊन संपादकांचीं दारें ठोठावी. ‘ट्रेझर आयलंड’ त्यानेंच कॅसेलच्या गळीं उतरविली. १८८३ च्या मे महिन्यांत, फ्रान्समधील ईएर या गांवीं, शंभर पौंड मिळणार ही वार्ता स्टीव्हन्सनला कळली आणि त्याच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. त्याच महिन्यांत त्यानें हेन्लेला पत्रानें कबुली दिली कीं, एका पायाचा लाँग जॉन सिल्व्हर हा हेन्लेवरूनच सुचला. म्हणजे पुस्तक विकणारा स्वतःच त्या पुस्तकांत बसला होता. तोही साधा पुरुष म्हणून नव्हे, तर आकर्षक बदमाष म्हणून!

पुस्तकासाठीं पाठविलेला मूळ नकाशा मात्र कोठें गहाळ झाला तो सांपडलाच नाहीं. आधीं नकाशा आणि मागून कथा, असा तो प्रकार. आतां कथा चाळून, एक एक खूण जुळवून नकाशा पुन्हां काढावा लागला. वडिलांच्या कचेरींत तो तयार झाला, आणि खुद्द वडिलांनीं त्यावर कॅप्टन फ्लिंटची खोटी सही केली. १८८३ च्या नोव्हेंबरांत पुस्तक निघालें. यश असें आलें कीं, साप्ताहिकांतील अपयश कोणाच्या ध्यानांतही राहिलें नाहीं.

याच काळीं लंडनमध्यें अलेक्झांडर पोलॉक वॉट हा स्कॉट गृहस्थ ग्रंथकारांचा एजंट म्हणून धंदा करूं लागला होता. १८७५ च्या सुमारास जॉर्ज मॅक्डोनल्ड या मित्राची कथा विकून देण्यापासून त्यानें आरंभ केला, आणि पुढें शेंकडा दहा ही त्याची दलाली ठरून गेली. विल्यम हायनमनसारख्या प्रकाशकांना हा मधला माणूस डोळ्यांसमोर नकोसा वाटे. परंतु दलालाचें एक बरें असतें: त्याचा हिशेब कागदावर असतो. स्नेह्याचा हिशेब मनांत राहतो.

स्टीव्हन्सननें व्यवहार स्नेह्यांवर सोंपविला आणि उरलेला स्वतःच्या विसराळूपणावर. १८८७ च्या सुमारास अमेरिकेंत असतांना त्यानें मॅक्ल्यूर यांच्याशीं नव्या कथेचा करार केला. स्क्रिब्नर कंपनीला तेथील सर्व हक्क आपण आधींच देऊन बसलों आहों हें त्याच्या लक्षांतच राहिलें नव्हतें. स्क्रिब्नरची माफी मागण्याची पाळी आली.

मार्च १८८८ मध्यें हेन्लेचें एक पत्र आलें. स्टीव्हन्सनच्या पत्नीची ‘निक्सी’ ही कथा त्याच्या चुलत बहिणीच्या कथेशीं फार मिळतीजुळती आहे, असें त्यांत सुचविलें होतें. चौर्याचा आरोप उघड शब्दांत नव्हता, पण पत्नीची अब्रू ती पत्नीची अब्रू. तेरा वर्षांचा स्नेह त्या पत्रानें दुभंगला. प्रकाशनाचा व्यवहार पुढें चार्ल्स बॅक्स्टर या एडिंबरोच्या वकील मित्राकडे गेला. जून महिन्यांत स्टीव्हन्सननें प्रशांत महासागराकडे गलबत हांकारलें. तो ब्रिटनला परतला नाहीं. १८९४ च्या डिसेंबरांत सामोआ बेटावर त्याचा अंत झाला. सात वर्षांनीं त्याचें चरित्र प्रसिद्ध झालें, तेव्हां हेन्लेनें ‘पॉल मॉल मॅगझिन’मध्यें त्यावर लिहिलें, आणि लिहिलें तें कडवटपणें.